हॅपी कोड देऊ नकोस, आधी फ्रीज थंड होऊ दे

ताई नमस्कार, मी वडोदऱ्याला मांजलपूरमध्ये राहते. मागच्या वर्षी नवरात्रात अलकापुरीच्या मोठ्या शोरूममधून नामांकित कंपनीचा डबल डोअर फ्रीज घेतला, 42 हजारांचा, वर साडेतीन हजार भरून एक्स्टेंडेड वॉरंटी पण घेतली कारण सेल्समन म्हणाला दहा वर्षं बघायला नको. वर्ष संपलं आणि खालचा कप्पा थंडच होईना, वर बर्फ होतोय पण खाली दूध नासतंय, मळलेली कणीक आंबतेय. टेक्निशियन आला, पाच मिनिटं मागे बघितलं, म्हणाला गॅस संपलाय, 6,200 रुपये होतील, आणि जाताना म्हणाला मॅडम मोबाईलवर आलेला हॅपी कोड द्या नाहीतर माझ्या नावावर कम्प्लेंट ओपन राहते. मी दिला. तासाभरात मेसेज, आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे, रेटिंग द्या. पुन्हा तक्रार केली, पुन्हा तेच. शोरूमवाला म्हणतो कंपनीशी बोला, कंपनी म्हणते गॅस आणि लेबर वॉरंटीत येत नाही, एक्स्टेंडेडवाले मेलला उत्तरच देत नाहीत. मिस्टर म्हणतात भर पैसे आणि मोकळी हो, एवढ्या मोठ्या कंपनीशी आपण काय भांडणार. सोसायटीच्या ग्रुपवर ठरलंय की या कंपनीवर बहिष्कार टाकायचा आणि त्या टेक्निशियन मुलाचा फोटो फेसबुकवर टाकायचा. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी दुकानदार शब्दाला जागायचे. मला तर आता कशावरच विश्वास राहिला नाहीये, तेल घेताना पण वाटतं काय मिसळलं असेल. शिवाय दिवाळीत मुलीला वॉशिंग मशीन घेऊन द्यायचंय, ते कसं घेऊ?
— वैतागलेली, मांजलपूर

तू मला ताई म्हटलंस म्हणून सरळ अगंतुगं करते. पहिली गोष्ट, ते 6,200 रुपये आत्ता भरू नकोस.

पैसे तुझे आहेत, भरायचे तर नंतरही भरता येतील, पण आधी मला त्या गॅसबद्दल बोलू दे कारण तुझं पत्र वाचताना माझं लक्ष तिथेच अडकलं. फ्रीजमधला गॅस हा स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही गं, तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो आणि वर्षानुवर्षं तोच असतो. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, आणि वर्षाभरात गळायला लागला तर प्रश्न हा की कुठल्या जॉईंटमधून, आणि तो जॉईंट कोणी जोडला होता. नुसता गॅस भरून गेले तर पुन्हा गळणारच आणि तू पुन्हा पैसे भरणार. दुसरं म्हणजे तू लिहितेस वर बर्फ होतोय. फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये गारवा तयार होतो तो वरच्या भागात, तिथून पंख्याने खाली ढकलला जातो, म्हणून वर व्यवस्थित गोठतंय आणि खाली गरम आहे असं असेल तर बऱ्याचदा दोष पंख्यात असतो नाहीतर डीफ्रॉस्टचा, म्हणजे साचलेला बर्फ वितळवणारा, हीटर किंवा सेन्सर गेलेला असतो आणि आतल्या कॉईलवर बर्फ चढून हवेची वाट बंद झालेली असते. हे सगळे पार्ट आहेत, आणि तू साडेतीन हजार भरलेस ते पार्टसाठीच ना. मी इथून तुझा फ्रीज बघू शकत नाही, कदाचित गॅसच गळत असेल, पण पाच मिनिटं मागे बघून "गॅस संपला" हे उत्तर मान्य करायचं काहीच कारण नाहीये. पुढच्या वेळी विचार, दादा, वर बर्फ होतोय मग गॅस संपला कसा, आणि गळतंय तर कुठून ते जॉबशीटवर लिहून द्या. फक्त एक मात्र स्वतःशी खरं बोल, बर्फ काढायला कधी सुरी-चमचा घातला होतास का, कारण तसं असेल आणि नळीला भोक पडलं असेल तर कंपनीचं म्हणणं बरोबर ठरेल.

आता हॅपी कोड. तो कोड म्हणजे तुझी सही आहे. तू तो सांगितलास की कंपनीच्या कम्प्युटरमध्ये नोंद होते की ग्राहकाचं काम झालं आणि ग्राहक खूष आहे, आणि उद्या तू कुठेही दाद मागायला गेलीस की कंपनी पहिला कागद तोच काढणार. त्यामुळे आजच कंपनीच्या ग्रिव्हन्स ऑफिसरला मेल कर, वेबसाईटवर खाली बारीक अक्षरात त्यांचा पत्ता असतो, आणि त्यात एवढंच लिही की अमुक तारखेला तक्रार नंबर अमुक, दुरुस्ती न करता कोड घेतला, तक्रार बंद केली, खालचा कप्पा अजून थंड होत नाही. शिव्या नकोत, जुनी उणीदुणी नकोत. पुढचा माणूस येईल तेव्हा काम केल्यावर फ्रीज रात्रभर चालू दे, थंड झाला तरच कोड, आणि तो गयावया करेल, त्याचंही कारण आहे, ते पुढे सांगते. कोडच्या बदल्यात त्याच्या जॉबशीटवर तू स्वतःच्या अक्षरात लिहून दे, "तपासणी केली, फ्रीज थंड होत नाही, काम बाकी", खाली तारीख, आणि त्या कागदाचा फोटो काढून ठेव.

अजून एक करशील का, साधं फ्रीजचं थर्मामीटर मिळतं, फार महाग नसतं, ते एका पाण्याच्या ग्लासात बुडवून खालच्या मधल्या कप्प्यात रात्रभर ठेव, दार उघडू नकोस, आणि सकाळी काढल्या काढल्या फोटो. खालचा कप्पा साधारण 4-5 डिग्रीला हवा. तुझ्याकडे जर 14 आला तर त्या फोटोसमोर कस्टमर केअरचं "नॉर्मल आहे मॅडम" टिकत नाही. दूध नासतंय हे सांगणं आणि 14 डिग्री दाखवणं यात खूप फरक आहे.

हे मी एवढं लांबण लावून का सांगतेय, कारण तुझा खरा प्रश्न फ्रीजचा नाहीच, कशावरच विश्वास राहिला नाही हा आहे. आणि मी तुला विश्वास ठेव असं अजिबात म्हणणार नाही. मोठ्या कंपनीवर शंका घेणं हे आपलं कामच आहे. फक्त ती शंका तेलापासून औषधापर्यंत सगळीकडे पसरली आणि कुठल्याच कागदावर उतरली नाही तर तुझी झोप जाते आणि कंपनीचं काही जात नाही. कंपनीचा हिशोब काय असतो बघ, शंभरातले किती जण तिसऱ्या फोननंतर कंटाळून पैसे भरतात. मिस्टर म्हणतात ना भर आणि मोकळी हो, त्या हिशोबात ते आधीच धरलेले आहेत. ते वाईट नाहीत, दमलेले असतील, पण सहा हजार हा एका घराचा आकडा आहे, तोच आकडा हजार घरांतून गोळा केला तर काय होतो ते त्यांना विचार.

आपल्याच शहरातलं उदाहरण देते, तुला आठवत असेल. 2024 च्या मे महिन्यात वडोदऱ्यात स्मार्ट मीटरवरून केवढा गोंधळ झाला होता. लोकांचं म्हणणं होतं रिचार्ज भराभर संपतोय, वीज कंपनी म्हणत होती मीटर बरोबर आहे, बायका मुलांना घेऊन ऑफिसवर गेल्या, जुना मीटर परत द्या म्हणाल्या. मीटर खरंच जास्त पळत होता का या वादात मी पडत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की घरांमध्ये नवीन मीटर बसवणं थांबवावं लागलं आणि नव्या मीटरशेजारी चेक मीटर लावून दोन्हीचे आकडे लोकांना बघू द्यायचं ठरलं. विश्वास ठेवा म्हणून कोणी सांगितलं असतं तर कोणी ऐकलं नसतं आणि बरोबरच होतं ते. शेजारी दुसरा मीटर, दोघांचे आकडे तपासा, एवढं साधं. तुझं थर्मामीटर हे तुझं चेक मीटरच आहे.

आणि आपल्या गुजरातमध्ये हे काम आकड्यांनी करणारी माणसं होऊन गेली. अहमदाबादला मनुभाई शाह आणि त्यांची सीईआरसी, म्हणजे कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर. मनुभाईंनी 1978 मध्ये एलआयसीच्या पॉलिसींचा अभ्यास करून पेपर लिहिला की विमाधारकांवर अन्याय होतोय. एलआयसीने त्यांच्यावर टीका करणारा लेख स्वतःच्या मासिकात छापला पण मनुभाईंचं उत्तर छापायला नकार दिला, आमचं घरचं मासिक आहे म्हणे. माणूस कोर्टात गेला, गुजरात हायकोर्टात जिंकला, एलआयसी सुप्रीम कोर्टात गेली आणि 1992 मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की त्यांचं उत्तर छापा. केवढी मोठी संस्था आणि समोर एक प्राध्यापक, हातात एक अभ्यास केलेला पेपर! मिस्टरांना हे वाचून दाखव, मोठ्या कंपनीशी कोण भांडणार याचं उत्तर शंभर किलोमीटरवर होतं.

सासूबाईंचं म्हणणं मी टाळत नाही, पण पूर्वी सगळे शब्दाला जागायचे हे मला पूर्ण पटत नाही. आपल्या बडोद्यातल्या मराठी मंडळींनीच 1889 मध्ये विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांच्या पुढाकाराने अन्योन्य सहकारी मंडळी काढली, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी एक, का, तर सावकारांच्या व्याजाखाली लोक पिचत होते म्हणून. म्हणजे तेव्हाही शब्दावर भागत नव्हतं, एकत्र यावं लागलं. आणि पुढे त्याच संस्थेची बँक झाली, ती अडचणीत आली, रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, आपल्यातल्याच किती घरांचे पैसे अडकले ते दांडिया बाजार-रावपुऱ्यात अजून सांगतील. म्हणून आपला माणूस असो नाहीतर मोठा ब्रँड, पावती घ्यायची आणि वाचायची, त्यात अपमान कोणाचाच नाही.

बहिष्काराचं बोलू. मनापासून सांगते, फ्रीजच्या कंपनीवर बहिष्कार टाकून काही होणार नाही. आपण फ्रीज दहा-बारा वर्षांतून एकदा घेतो, आज बहिष्कार टाकलास तर कंपनीला ते कळेपर्यंत तुझी मुलगी आजी होईल. बहिष्कार चालतो तो रोज घेतल्या जाणाऱ्या वस्तूवर आणि मागणी एकच आणि स्पष्ट असेल तेव्हा. 2003 मध्ये महाराष्ट्रात कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या होत्या, कंपनी आधी म्हणाली दुकानदारांनी नीट ठेवलं नाही, पण एफडीएने, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने, कारवाई केली होती, लोकांनी घेणं थांबवलं, विक्री घसरली, आणि 2004 च्या सुरुवातीला नवीन सीलबंद पॅकिंग आलं. आजही आपण ते सील फाडून खातो. तिथे सापडलेली अळी होती, सरकारी तपासणी होती आणि मागणी पॅकिंगची होती. याउलट कुरकुऱ्यात प्लास्टिक आहे म्हणून जे व्हिडिओ फिरले त्याने काय झालं, कंपनी 2018 मध्ये दिल्ली हायकोर्टात गेली आणि त्या पोस्ट बंद करायचा आदेश घेऊन आली. खोटा फॉरवर्ड कंपनीला बळ देतो गं, उद्या खरी तक्रार आली तरी म्हणायला मोकळे की हीपण अफवा. तुमच्या ग्रुपवर एकच नियम करा, जिच्या घरी घडलं तिनेच लिहायचं, बिलाचा आणि तक्रार नंबरचा फोटो लावून.

आणि त्या मुलाचा फोटो टाकू नका, अजिबात नाही. तो बहुतेक कंपनीचा नोकरच नसेल, फ्रँचायझीचा माणूस असेल, दिवसाला किती कॉल बंद केले यावर त्याचे पैसे ठरत असतील, म्हणून तो कोडसाठी गयावया करतो. त्याने चुकीचं केलं हे खरं, पण ती चूक करायला लावणारा टार्गेटचा आकडा वर कुठेतरी एसीत बसून कोणीतरी ठरवलाय. फेसबुकवर बदनाम तो होणार, फ्रँचायझी त्याला काढणार, आणि पुढच्या आठवड्यात दुसरा पोरगा तोच कोड मागणार. मला या गोष्टीचा खरंच राग येतो, मोठ्यांवरचा आपला संताप कायम दारात आलेल्या गरिबावर निघतो, डिलिव्हरीवाला, सिक्युरिटी, कॉल सेंटरची मुलगी. त्याला पाणी दे, नीट बोल, कोड मात्र देऊ नकोस.

आता पुढचं. मेल करून पंधरा दिवस थांब, तेवढ्यात 1915 ला फोन कर, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, मराठीत बोलता येतं, गुजरातीतही. बऱ्याच मोठ्या कंपन्या त्यांच्याशी जोडलेल्या आहेत त्यामुळे तक्रार थेट कंपनीच्या वरच्या टेबलावर जाते आणि अनेकदा तिथेच मिटते, पण हेल्पलाईन आदेश देऊ शकत नाही हे लक्षात ठेव. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 चा नवा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला आणि त्याने आपल्यासारख्यांसाठी चांगल्या गोष्टी केल्यात, तू राहतेस त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं हेड ऑफिस कुठेही असू दे, वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील लावायलाच हवा असं नाही, ऑनलाईनही दाखल होते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची, म्हणून "बघू नंतर" करत बसू नकोस. तक्रारीत तिघांनाही विरुद्ध पक्ष कर, शोरूम, कंपनी आणि एक्स्टेंडेड वॉरंटीवाले, नाहीतर जो बाहेर राहील त्याच्याकडे बाकीचे दोघं बोट दाखवतील. मागणीत दुरुस्ती किंवा बदली किंवा पैसे परत, शिवाय झालेल्या त्रासाची भरपाई आणि खर्च, असं सगळं लिहिता येतं. वेळ लागतो, खोटं कशाला सांगू, कायद्यात तीन महिने लिहिलेत आणि तपासणी लागली तर पाच, पण तारखा पडत राहतात. म्हणूनच आत्ताचे कागद नीट हवेत. तोपर्यंत फ्रीजशिवाय राहायचं का, तर नाही, मेलमध्ये लिही की अमुक दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर मी बाहेरून करून घेईन आणि खर्च तुमच्याकडून मागेन, मग बाहेरच्या मेकॅनिककडून करून घे, जुना पार्ट आणि दोष काय निघाला ते बिलावर लिहून घे आणि जपून ठेव. फक्त बाहेरचा हात लागला की कंपनी वॉरंटी तुटली म्हणेल, म्हणून त्याआधी त्यांच्या जॉबशीटवर दोष नोंदलेला असणं फार गरजेचं आहे.

ग्रुपमधल्या अजून कोणाकडे त्याच कंपनीची तीच तक्रार असेल तर एकेकटीने करू नका. सारखी तक्रार असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, आणि पाच घरांचे पाच बंद केलेले तक्रार नंबर एका कागदावर आले की तो एका टेक्निशियनचा दोष राहत नाही, ती कंपनीची पद्धत दिसते. बहिष्कारासाठी जमलेल्या बायकांना हे काम दे.

राहिलं वॉशिंग मशीन. घे की, मुलीचं मशीन का अडवतेस. पण दुकानात "मोटर 10 वर्षं वॉरंटी" असं मोठ्या अक्षरात दिसलं की विचार, मोटर सोडून बाकीच्याला किती, लेबर आणि व्हिजिट चार्ज कोणाचा, आणि फुली मारून खाली बारीक काय लिहिलंय ते वाच. 2022 च्या जाहिरातींच्या नियमांत स्पष्ट आहे की खालची टीप वरच्या दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फॉन्टमध्ये हवी आणि ती वरच्या दाव्याला खोटं पाडणारी नको, तसं नसेल तर बोर्डाचा फोटो काढून हेल्पलाईनला पाठव. एक्स्टेंडेड वॉरंटी देऊ करतील तेव्हा पैसे द्यायच्या आधी तिचा पूर्ण कागद माग, बऱ्याचदा ती मशीनच्या कंपनीची नसतेच, तिसऱ्याच कोणाची असते आणि ते बिलावर एका ओळीत लपलेलं असतं. कागद नंतर मेलवर येईल म्हणाले तर तेवढे पैसे देऊ नकोस. आणि तुझ्या फ्रीजच्या त्या साडेतीन हजारांच्या बिलावर नक्की कोणाचं नाव छापलंय ते बघून मला कळव, तक्रारीचा मसुदा करताना तेच नाव सगळ्यात आधी लागेल.